परमुलखाचे घरजावई

मराठीत ‘घरजावई’ हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही. सासऱ्याच्या ओटीवर बसणारा, सासूनं वाढलेलं निमूट जेवणारा, मेव्हण्यांपुढे आवाज न चढवणारा माणूस म्हणजे घरजावई. चारचौघांत त्याची टिंगल ठरलेलीच. आज मात्र मला अशा काही घरजावयांविषयी बोलायचं आहे, ज्यांनी अख्ख्या परक्या मुलखात आपली जागा केली आणि ती केली बायकोच्या माहेराच्या आधारानं.

परदेशी गेलेला माणूस तिथे रुजतो कसा, असं विचारलं की आपली उत्तरं तयार असतात. शिक्षण, कष्ट, तिथली भाषा, कायदा पाळण्याची सवय. अलीकडे तर काही सरकारं त्याची रीतसर परीक्षा घेतात. मी समाजशास्त्राचा अभ्यासक नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण जे थोडंफार वाचलं आणि आमच्या खाडीकाठच्या गावात जे ऐकलं, त्यावरून मला असं वाटतं की माणूस आधी एखाद्या घरात रुजतो. त्या घराचा जो मोहल्ला, तोच पुढे त्याचा देश होतो. आणि त्या घराचं दार बहुतेक वेळा एखाद्या बाईनं उघडलेलं असतं.

याचं फार बोलकं उदाहरण अमेरिकेत, कॅलिफोर्नियात सापडतं. मेक्सिकोच्या सीमेला लागून इम्पीरियल व्हॅली नावाचं खोरं आहे. मुळात वाळवंट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं तिथे आलं आणि वाळूत कापूस, खरबूज, भाजीपाला पिकू लागला. या शेतांवर राबायला जे लोक आले, त्यांत पंजाबी होते. जालंधर, होशियारपूरकडचे शेतकऱ्यांचे मुलगे, काही जण ब्रिटिश फौजेत चाकरी केलेले. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. गोऱ्या अमेरिकेला हा फरक कळत नव्हता. तिच्या लेखी सगळे ‘हिंदू’च. इंदरसिंगही हिंदू आणि मोहम्मदखानही हिंदू! हिंदुस्थानात जे भल्याभल्यांना जमलं नाही, ते तिथल्या कारकुनानं एका शब्दात करून टाकलं होतं.

या माणसांभोवती कायद्यानं एकेक कुंपण घातलं. १९१३ साली कॅलिफोर्नियात कायदा आला, की ज्याला अमेरिकेचं नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन घेता येणार नाही. १९१७ साली हिंदुस्थानातून येणाऱ्यांना अमेरिकेचं दार बंद झालं. म्हणजे गावाकडची बायको आणता येईना आणि भेटायला गेलं तर परत येण्याचा भरवसा नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. आणि लग्न? वेगवेगळ्या वंशांच्या माणसांनी लग्न करायला कॅलिफोर्नियात बंदी होती. चाळिशीकडे झुकलेले हे पुरुष खोपटात चार-चार जण राहत, आळीपाळीनं रोट्या भाजत.

त्याच सुमारास सीमेपलीकडून दुसरे लोक येत होते. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली आणि दहा वर्षं धुमसत राहिली. त्या धामधुमीत घरादाराला मुकलेली कुटुंबं अमेरिकेत शिरली. एखादी विधवा आई, तिच्या दोन-तीन मुली, एखादा भाऊ. तेही कापूस वेचायला त्याच शेतांत. तिथे ही माणसं एकमेकांना भेटली. कुणाला ही प्रेमकथा वाटेल, काही वेळा ती असेलही. पण बऱ्याच लग्नांमागे साधा व्यवहार होता. पुरुषाला घर हवं होतं, आईला मुलीच्या डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि शेत खंडानं कसणारा पंजाबी हा कापूस वेचणाऱ्या मजुरापेक्षा बरा जावई होता.

आता लग्नाच्या परवान्याची गंमत ऐका. अर्जावर वधू-वरांचा वंश लिहावा लागे. मेक्सिकन माणूस कायद्याच्या कागदावर गोरा, मग हिंदुस्थानी माणसाशी त्याचं लग्न लावायचं कसं? शेवटी कचेरीतला कारकून चष्म्यावरून दोघांकडे बघायचा. दोघांचा रंग सारखाच दिसला की दोघांच्याही नावापुढे ‘तपकिरी’ असं लिहून परवाना देऊन टाकायचा. एखादा कारकून अडून बसला, तर जोडपं दुसऱ्या कौंटीत, प्रसंगी दुसऱ्या राज्यात जायचं. कॅलिफोर्नियातली ही बंदी १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, आणि त्या खटल्यातली वधू आंद्रेया पेरेझ ही मेक्सिकन वंशाचीच होती. साऱ्या अमेरिकेतून अशी बंदी जायला १९६७ साल उजाडलं.

कॅरेन लेनर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या कुटुंबांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि १९९२ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं ते असं. एका बहिणीचं लग्न झालं, की तिच्या नवऱ्याच्या शेतातल्या भागीदाराशी दुसऱ्या बहिणीचं ठरायचं. दोन भागीदार साडू व्हायचे. सासू एकीकडे राहायला यायची. म्हणजे ज्या माणसाला काल परमुलखात एकही नातेवाईक नव्हता, त्याला आज सासू, मेव्हणी, मेव्हणा, साडू असा भरलेला गोतावळा मिळाला. मुलं झाली की त्यांचा चर्चमध्ये बाप्तिस्मा. बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो. तो कोण? बापाचा दोस्त, दुसरा पंजाबी! शीख नाहीतर मुसलमान माणूस कॅथलिक चर्चमध्ये बाळाचा धर्मपिता म्हणून उभा. मुलाचा बाप आणि धर्मपिता यांच्यातल्या नात्याला स्पॅनिशमध्ये ‘कोंपाद्रे’ म्हणतात. आपल्याकडच्या मानलेल्या भावाहून ते घट्ट असतं. अडीअडचणीला कोंपाद्रेनं धावून जायचंच असतं. बायकोच्या माणसांना ही अवघड नावं उच्चारता येईनात, म्हणून इंदरचा ‘आंद्रेस’ झाला आणि मोहम्मदचा ‘मोंदो’.

जमिनीचंही कोडं घरातूनच सुटलं. बापाला जमीन घेता येत नव्हती, पण मूल अमेरिकेत जन्मलं म्हणजे जन्मतः नागरिक. मग पाळण्यातल्या बाळाच्या नावावर जमीन आणि बाप त्याचा पालक. आपल्याकडे मुलाच्या नावावर वडिलोपार्जित जमीन चढते. तिथे बापच मुलाच्या नावाखाली उभा राहिला. तुम्ही म्हणाल, बायकोच्या नावावर का नाही घेतली? इथेच खरी मेख आहे. १९२२ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व टिकायचं, मात्र तो माणूस नागरिक होण्यास अपात्र असेल तर जायचं. म्हणजे अमेरिकेतच जन्मलेली मुलगी एखाद्या पंजाब्याची बायको झाली की आपल्याच देशात परकी! ही तरतूद १९३१ साली गेली. परक्याला आपलंसं करण्याची ही किंमत तिनं मोजली. जिच्यामुळे तो तिथला झाला, ती तिथली उरली नाही. अशा बायकांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

या संसारांचं मला गोड चित्र काढायचं नाही. घटस्फोट पुष्कळ झाले. नवरे वयानं फार मोठे, रात्री-बेरात्री चार दोस्त घेऊन जेवायला येणारे. बायको कंटाळली की कोर्टात जायची आणि तिथला कायदा तिला मोकळं करायचा. गावाकडच्या बायकोला हा रस्ता माहीत नव्हता. पंजाबी नवऱ्यांना हा अमेरिकन कायदा फार अन्यायाचा वाटे, असं दिसतं. वाटणारच.

पण जी घरं टिकली ती कशी असतील, याचा विचार करायला मला आवडतं. मेक्सिकन बाईला तोर्तिया थापता येत होती, म्हणजे रोटी शिकायला तिला कितीसा वेळ लागणार? मिरची दोन्हीकडे, कोथिंबीर दोन्हीकडे. युबा सिटी नावाच्या गावात रसूल कुटुंबाचं ‘एल रांचेरो’ हे हॉटेल १९५४ पासून जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. तिथे ‘रोटी केसाडिया’ मिळायचा, म्हणजे आपल्या रोटीत चीज आणि कांदा घालून केलेला मेक्सिकन पदार्थ. समरसतेवर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत, त्यांतल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हा पदार्थ मला अधिक पटतो.

मरणात मात्र वाटा वेगळ्या. शिखाचं दहन व्हायचं, मुसलमानाचं दफन व्हायचं. मुसलमानांच्या कबरींसाठी घेतलेल्या तुकड्याला गावातले लोक ‘हिंदू प्लॉट’ म्हणायचे. कॅथलिक बायको आपल्या मेक्सिकन माणसांत, पलीकडच्या भागात. तीस-चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेली माणसं शेवटी वेगवेगळ्या मातीत गेली. आमच्याकडे नवरा-बायकोच्या कबरी शेजारी असल्या की लोक समाधानानं सांगतात, म्हणून मला हे वाचताना चुटपूट लागली.

याच खोऱ्यातले एक गृहस्थ पुढे नावारूपाला आले. दलीपसिंग सौंद. १९२० साली बर्कलीला शिकायला गेले, गणितात डॉक्टरेट मिळवली, पण नोकरी मिळेना म्हणून इम्पीरियल व्हॅलीत शेती करू लागले. त्यांची पत्नी मेरियन कोसा, झेक वंशाची. १९२८ साली लग्न झालं. हिंदुस्थानींना नागरिक होण्याचा हक्क १९४६ च्या कायद्यानं मिळाला, सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. मतदानाचा हक्क असलेले सदस्य म्हणून तिथे बसलेले ते पहिले आशियाई वंशाचे माणूस. विरोधात होत्या जॅकलीन कॉक्रन, जगभर नाव झालेल्या वैमानिक. सौंदांच्या प्रचारात बायको-मुलं दारोदार फिरली. उमेदवार पगडीच्या देशातला असला, तरी दार वाजवणारी बाई मतदारांच्या ओळखीची होती. आता सौंद विद्वान होते, उत्तम वक्ते होते, हे आहेच. पण त्या दारावरच्या टकटकीचं श्रेय इतिहासाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत आटपतं.

पुढे १९४६ नंतर थोडे आणि १९६५ च्या कायद्यानंतर पुष्कळ पंजाबी अमेरिकेत आले, या वेळी बायका-मुलांसकट. त्यांना ही मेक्सिकन कुटुंबं पाहून अवघडल्यासारखं झालं. हे कसले पंजाबी? यांना पंजाबी येत नाही, यांची आडनावं सिंग आणि नावं मारिया. ज्यांच्या बापांनी स्टॉकटनचा गुरुद्वारा उभा राहताना वर्गणी दिली होती, त्यांचीच मुलं तिथे पाहुण्यासारखी झाली. परक्यांनी दार लावलं तर माणूस समजू शकतो. आपल्यांनी लावलं तर काय करायचं?

इथे भाषेचा मुद्दा येतो आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर अजूनही एखादा रसिक आपुलकीनं विचारतो, “पण तुमची मातृभाषा उर्दू ना?” मी सांगतो, माझी आई चुलीपाशी जी बोलायची ती माझी मातृभाषा, आणि ती कोकणातली मराठी बोली होती. शब्दच मातृभाषा आहे, पितृभाषा नव्हे. पंजाब्यांची मुलं आईची स्पॅनिश बोलू लागली. नवऱ्यांनीही इंग्रजीपेक्षा स्पॅनिश आधी उचलली. कारण मजूर त्याच भाषेत बोलत, सासू त्याच भाषेत रागवायची.

म्हणजे हे लोक ‘अमेरिकेत’ समरस झाले, असं म्हणणं अर्धवट आहे. ते मेक्सिकन अमेरिकेत समरस झाले. घरजावई बंगल्याचा होतो की झोपडीचा, हे सासरा ठरवतो. हेच पूर्व किनाऱ्यावर बंगाली मुसलमान खलाशांचं झालं. आगबोटीच्या भट्टीपुढे कोळसा लोटणारी नोआखाली-सिल्हेटकडची पोरं न्यू यॉर्कला जहाज सोडून पसार व्हायची, हार्लेममध्ये शिरायची आणि पोर्तो रिकन किंवा काळ्या बायकांशी संसार थाटायची. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हुगळीकडचे चिकनकाम विकणारे फेरीवाले न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्तीत नांदू लागले होते. विवेक बाल्ड यांनी त्यांच्यावर ‘बेंगॉली हार्लेम’ हे पुस्तक लिहिलं आहे. गोऱ्या अमेरिकेनं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांनीच या पाहुण्यांना घरात घेतलं. गरिबाचं घर लहान असतं, पण तिथे आणखी एक पान मांडता येतं.

अमेरिकेतले हे खलाशी मला पुस्तकात भेटले. आमच्या कोकणात मात्र अशी माणसं घराघरात होती. रत्नागिरी आणि कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला जाऊ लागले. तिथे मलाय मुसलमान आधीपासून होते. डच लोकांनी पूर्वेकडच्या बेटांवरून आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. नमाज एक, रोजे एक, रमजानचा चंद्र एक. कित्येक कोकण्यांनी तिथे मलाय बायकांशी निकाह लावले.

माझ्या दादीच्या एका चुलतसासूचा नवरा असाच केपला गेला होता. पहिल्या काही वर्षांत मनिऑर्डर यायची, पत्रं यायची, मग दोन्ही थांबलं. गावात कुजबुज पसरली की त्यानं ‘केपवाली’ केली. त्या केपवालीला गावानं चेटकीण ठरवलं. इकडची बाई नवरा जिवंत असताना विधवेसारखी राहिली, बांगड्या मात्र तिनं अखेरपर्यंत काढल्या नाहीत. दादी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचा आवाज कडवट व्हायचा. मला लहानपणी केपवालीचा राग यायचा. आता वाटतं, त्या बाईला तरी इकडच्या संसाराची किती माहिती असेल? आणि तो? परवान्यावर फोटो चिकटवून केपबाहेर पडायचं, ठरलेल्या मुदतीत परतलं नाही तर दार कायमचं बंद. इकडे आला असता तर तिकडचं घर गेलं असतं. त्यानं तिकडचं ठेवलं. एका ठिकाणी रुजणं म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून उपटून निघणं, आणि त्या उपटलेल्या जागी कुणीतरी उभं असतं. पंजाबातल्या गावांतही अशा बायका राहिल्याच असतील.

केपमधल्या अशा घरांतली मुलं आफ्रिकान्स बोलू लागली. या भाषेविषयी एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. डच वळणाच्या या भाषेतलं सगळ्यात जुनं लेखन ज्यांत सापडतं, त्यांत केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत लिहिलेली धर्मशिक्षणाची पुस्तकं आहेत. अबू बक्र एफेंदी या उस्मानी आलिमांनी लिहिलेलं तसलं एक पुस्तक १८७७ साली इस्तंबूलला छापलं गेलं. पुढे हीच भाषा गोऱ्यांच्या राज्याची निशाणी झाली, तो भाग निराळा. १९५० नंतर वंशनोंदणीचे आणि वस्त्या वाटण्याचे कायदे आले. मलाय वेगळे, इंडियन वेगळे. ज्या घरात दोन्ही होते, तिथल्या माणसांना कागदावर कुठल्यातरी एका रकान्यात बसावं लागलं.

बायको कोण, हे ठरवण्याचा सरकारांना भारी सोस. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. एका हिंदी मुसलमानाची बायको बाई मरियम हिला देशात उतरू दिलं नव्हतं. एकाहून अधिक बायका करण्याची मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीनं लागलेलं लग्न इथे लग्न नव्हे, असं ते म्हणाले. एका फटक्यात दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदू-मुसलमान-पारशी बायका कायद्याच्या दृष्टीनं बायका उरल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्या यानंतर. कस्तुरबा तुरुंगात गेल्या, तीन महिने सक्तमजुरी. पुढच्या वर्षी कायदा करून सरकारनं एका पत्नीपुरतं लग्न मान्य केलं. आपण हा प्रसंग सत्याग्रहाच्या इतिहासात वाचतो. मला तो परमुलखातल्या संसाराच्या इतिहासातही वाचावासा वाटतो. बायकोला बायको म्हणवून घेण्यासाठी जिथे तुरुंगात जावं लागतं, तिथे माणूस काय रुजणार?

याच्या उलटं चित्र बघायचं असेल तर आखाताकडे बघा. १९७० नंतर आमच्या गावातली निम्मी तरणी पोरं कुवेत, दुबई, सौदीला गेली. काहींनी तीस-तीस वर्षं काढली. धर्म एक, अरबी थोडीफार सगळ्यांना येते, म्हणजे रुजायला हरकत नव्हती. पण ठरावीक पगाराशिवाय बायको-मुलांना नेता येत नाही, तिथल्या बाईशी लग्न होणं जवळजवळ अशक्य, आणि नोकरी संपली की परतीचं विमान. माझे एक मामू अठ्ठावीस वर्षं एका शहरात राहिले. त्यांना तिथल्या एकाही घराचा आतला दरवाजा ठाऊक नाही. गावात त्यांनी दुमजली घर बांधलं, त्याच्या गच्चीवर आता ते संध्याकाळी बसतात. शहराचं नाव निघालं की दुकानांची आणि मशिदींची नावं सांगतात, माणसांची नाही.

युरोपात दार उघडं आहे, पण उंबरठ्यावर परीक्षक बसवला आहे. डेन्मार्कनं २००२ मध्ये नियम केला की परदेशी जोडीदार आणायचा तर दोघंही चोवीस वर्षांची हवीत. मग कित्येक डॅनिश मुलं जोडीदाराला घेऊन पुलापलीकडे स्वीडनच्या माल्मोत राहू लागली आणि नोकरीला रोज पूल ओलांडून कोपनहेगनला येऊ लागली. जर्मनीनं २००७ पासून जोडीदाराला येण्याआधीच जर्मन भाषेची पहिली पायरी ओलांडण्याची अट घातली. वाईट नाही. भाषा येणं चांगलंच. पण ज्या भाषेत कुणी आपल्यावर रागावत नाही ती भाषा किती दिवस टिकते?

माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात ही परीक्षा देऊन २०२० साली बर्लिनला गेली. नवरा कामानिमित्त दोन वर्षं पुण्यात होता, तिथे ओळख. तो जर्मन नागरिक, पण त्याचे आजोबा तुर्कस्तानातले. १९६१ च्या करारानंतर जर्मनीनं तुर्की कामगार बोलावले, ‘पाहुणे कामगार’ म्हणायचे त्यांना, त्यांतले ते. पाहुणे राहिले ते राहिलेच. तेव्हा आमची भाची परीक्षा जर्मनची देऊन गेली आणि पडली तुर्की सासरात. पहिल्या वर्षात जर्मनपेक्षा तुर्कीच जास्त शिकली. सासूला ‘आन्ने’ म्हणते. सासू तिला ‘गेलिन’ म्हणते, म्हणजे सून. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आलेली’. माझी बहीण फोनवर तिला ओरडायची, “अगं, जर्मनीत गेलीस ना? मग जर्मन शीक!” ती म्हणायची, “अम्मी, भाजी घेताना जर्मन लागत नाही इथे.”

आता तिची नोकरी जर्मन भाषेत चालते. २०२४ पासून जर्मनी नागरिक होताना जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारत दोन ठेवू देत नाही. तेव्हा पासपोर्ट बदलायचा की नाही यावर आमच्या घरी अधूनमधून वाद पेटतो. बहीण म्हणते, बदलू नको. मेहुणे म्हणतात, मुलीचा देश तो आईचा देश. मला विचारतात तेव्हा मी गप्प बसतो. तिनंही अजून ठरवलेलं नाही.

तिच्या बाळंतपणाला बहीण बर्लिनला गेली होती. तीन महिने दोन विहिणी एका स्वयंपाकघरात. हिला तुर्की येत नाही, तिला मराठी नाही, जर्मन दोघींना जेमतेम. आल्यावर बहीण सांगत होती, “भाई, पहिल्या आठवड्यात हातवारेच चालले. मग एक दिवस ती म्हणाली ‘साबुन’, मी साबण दिला. मग ‘पाझार’ म्हणाली, मी पिशवी घेतली. ‘दुक्यान’, ‘हावा’, ‘शेहिर’, ‘तारिह’, सगळं कळायला लागलं.” मी तिला म्हटलं, अगं, फारसी-अरबीतून ते शब्द तिकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. शिवाजी महाराजांच्या काळातल्या मराठी कागदांत पानोपानी आहेत. ती म्हणाली, “असतील. पण भांडण कशावरून झालं माहीत आहे? बाळासाठी मी दुपटी आणली, तिचे पैसे ती द्यायला लागली. मी नको म्हणते, ती ऐकेना. शेवटी तिनं वही काढली आणि बोट ठेवून म्हणाली, ‘हेसाप!’ मी म्हटलं, बाई, नातीचा कसला हिशेब? तर तेवढं बरोबर समजली आणि वही मिटली.”